राहून गेलेला चौरंग

कोंबड्याच्या चोचीत लाल मिरची खोचलेली दिसली आणि माझ्या हातातली कांद्याची पिशवी गळून पडली. कांदे गडगडत शेगडीखाली गेले.

"हे कोणी केलं?" मी ओरडले.

स्वयंपाकघरात तिमूर एकटाच होता. पंधरा वर्षांचा, ताडमाड, आणि मी स्वयंपाक करते त्या उन्हाळी शिबिरातला सगळ्यात वात्रट मुलगा. बोटं मिरचीने लाल झालेली, पण चेहरा असा साळसूद, की एक ठेवून द्यावीशी वाटावी.

"कोणी काय केलं, मावशी?"

"माझे डोळे फुटलेत का? अख्खा उकडलेला कोंबडा, मान ताठ, चोचीत मिरची. चौरंगावर ठेवायचा कोंबडा आहे हा. कोणाचं लग्न लागतंय इथे?"

"लग्न नाही हो. पण तुम्ही इतक्या लवकर कशा परत आलात? मंगळवारी तुम्ही बाजारातून हलत नाही."

"मासळी आली नाही आज. तू उत्तर दे."

तो उत्तर देईना, म्हणून मी त्याला बाजूला सारून जेवणाच्या खोलीत गेले. मधोमध बुटका चौरंग मांडलेला. त्यावर माझीच इस्त्रीची पांढरी चादर. सफरचंदांचे मनोरे, गोळ्या-बिस्किटांचे मनोरे, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. मागे भिंतीवर रंगीत कागद, आणि त्यावर कोरियन अक्षरांत, दोन अक्षरं चुकवून, लिहिलेलं: क्लारा मावशी, साठ.

मी बाकावर बसले.

"आज तुमची साठी आहे ना," तिमूर मागून पुटपुटला. "तुमच्या मुलीने आपल्या यारीनाला फोनवर सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, शिबिर संपायच्या आत प्रत्येकाने एका तरी वडीलधाऱ्याला रीतसर वाकून नमस्कार करायचा. आमचे आजी-आजोबा कुठे आहेत इथे? म्हटलं, तुम्ही आहात."

"काढ ते सगळं."

"मावशी, दोन दिवस खपतोय आम्ही—"

"काढ म्हणते ना! आत्ताच्या आत्ता काढ!"

माझा आवाज ऐकून सोलच्या बाई धावत आल्या. हारिम त्यांचं नाव. वय असेल पंचवीस. आमच्या पोरांना त्यांची भाषा, त्यांचे रीतिरिवाज शिकवायला इतक्या लांब काळ्या समुद्राच्या काठी आल्या होत्या. पोरं सगळी नावापुरती कोरियन. आडनावं आमची, तोंडात रशियन, घरी जेवायला बिटाचं बोर्श्च. बाईंची भाषा म्हणजे इस्त्री केलेली आणि माझी आजीकडून आलेली, चुरगळलेली. पहिल्याच दिवशी त्या माझं जड पातेलं उचलायला पुढे झाल्या, तर मी म्हटलं, "इरोप्सो." आमच्यात याचा अर्थ, राहू दे गं, काही नाही, सगळं ठीक आहे. सोलमध्ये म्हणे याचा अर्थ, चल नीघ, तुझं इथे काही काम नाही. बिचारी मागच्या दाराशी जाऊन रडली. पोरांना हे कळल्यावर काय विचारता! तेव्हापासून उठता-बसता सगळं शिबिर 'इरोप्सो, इरोप्सो' करत होतं.

"क्लारा ताई, आपल्याला आवडलं नाही का?" बाईंनी विचारलं. "मुलांनी फार मनापासून केलंय."

"बाई, माझा चौरंग मांडायचा नसतो."

"का?"

कसं सांगायचं? आमच्या लोकांत माणसाचे तीन चौरंग होतात. पहिला वर्षाचा झाल्यावर, दुसरा लग्नात, तिसरा साठीला. पहिला झाला नसेल तर दुसरा मांडत नाहीत, आणि दुसरा नसेल तर तिसऱ्याचं नावच काढायचं नाही. हट्टाने मांडलाच, तर त्याची भरपाई घरातल्या लेकराकडून होते. माझ्या आईने हे मला इतक्या वेळा सांगितलं होतं, की स्वतःचं नाव विसरेन पण हे विसरणार नाही. माझा पहिला चौरंग झाला नव्हता. म्हणून लग्नही कचेरीत सही करून झालं, आणि मग सासूच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच आम्ही थंड शेवयांची वाटी खाल्ली. नवरा म्हणाला, स्वस्तात सुटलो. माझ्या मुलीचा चौरंग सासूने मांडला. त्या वेळी मी दाराबाहेर उभी होते. उंबऱ्याच्या आत पाय टाकायची हिंमत झाली नाही.

हे सगळं मी जमेल तसं बाईंना सांगितलं. एव्हाना दारात पोरांची गर्दी जमली होती.

"पण आमच्याकडे असा काही नियमच नाही," बाई हळूच म्हणाल्या. "मी कधी ऐकलेलाही नाही. खरंच."

"तुमच्याकडे नसेल. तुमच्याकडे गाजराची कोशिंबीरसुद्धा नाही."

पोरं फिसकन हसली. कारण ते खरंच होतं. ज्या कोशिंबिरीला इथे बाजारात सगळे 'कोरियन' म्हणतात, ती बाईंनी जन्मात पाहिली नव्हती. आमच्या लोकांना सरकारने पूर्वेकडून गाड्यांत भरून ताश्कंदकडे नेऊन टाकलं तेव्हा तिथे हवा तो कोबी मिळेना, म्हणून बायकांनी गाजर किसून त्यात लसूण-मिरची घातली.

"कोशिंबीर आम्ही इकडे केली," मी म्हटलं. "ही भीतीही आम्हीच इकडे केली असेल. पण आता ती आमची आहे, बाई. ती सोलला विचारून जाणार नाही."

मग तिमूरने विचारलं, "पण मावशी, तुमचा पहिला चौरंग का नाही झाला? विसरले की काय घरचे?"

मी हे परक्या माणसासमोर कधी बोलले नव्हते. त्या दिवशी का बोलले कोणास ठाऊक. कोंबड्याच्या त्या मिरचीने माझी जीभ सोडवली असेल.

"मला एक मोठा भाऊ होता. त्रोफिम. माझा चौरंग सकाळी व्हायचा होता. चौरंगाला चारतोगी लागते. चिकट तांदूळ वाफवायचा आणि काठवटीत घालून मोगरीने कुटायचा, तेव्हा ती होते. तिकडे ताश्कंदकडच्या आमच्या सगळ्या वस्तीत मोगरी एकच, आणि ती त्या दिवशी कालव्यापलीकडच्या घरी होती. भात चुलीवर वाफवत ठेवून आईने त्रोफिमला सांगितलं, पळ, मोगरी घेऊन ये. नऊ वर्षांचा होता तो."

दारातली पोरं आत सरकली.

"मोगरी लाकडाची. ती तरंगत आली," मी म्हटलं. "तो नाही आला. वाफवलेला भात आईने सांत्वनाला आलेल्या माणसांना वाढला. पुढे माझी वेणी घालताना कधीकधी म्हणायची, तुझ्या चारतोगीपायी माझा त्रोफिम गेला. रागाने नाही हो, सहजच म्हणायची. आता कळलं? काढा तो चौरंग."

मला वाटलं, तिमूर आता काहीतरी चावटपणा करेल आणि हे ओझं उतरेल. पण त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"मावशी," तो म्हणाला, "यारीना मोगरीच आणायला गेलीय."

"कुठे?"

"प्यागाय आजीकडे. कालव्यापलीकडे. नाश्ता झाल्या झाल्या गेली ती. आतापर्यंत यायला हवी होती."

मी कशी उठले, कधी धावायला लागले, मला आठवत नाही. अंगावर अॅप्रन, पायात घरातल्या सपाता. फाटकाच्या बाहेर आले तेव्हा मागून बाईंच्या हाका येत होत्या, आणि तिमूर माझ्यापुढे पळत होता.

"काठावर जाऊ नकोस!" मी ओरडत होते. "तिमूर, माझ्या मागे राहा! पाण्याजवळ जाऊ नकोस रे!"

दोन्हीकडे कांद्याची शेतं. आमचीच माणसं दरवर्षी खंडाने जमीन घेतात, उन्हाळाभर शेतातच राहतात, कांदा-कलिंगडं काढतात आणि जातात. प्यागाय म्हातारी तेवढी इथेच कायमची राहिली. तिच्याकडे मोगरी आहे हे मीच यारीनाला सांगितलं होतं. मीच! पोरीने सहज विचारलं होतं, मावशी, चारतोगी आता कोणी करतं का? आणि मी कांदा चिरता चिरता सांगून बसले होते.

यारीना सारखी माझ्याच स्वयंपाकघरात असायची. आई युक्रेनियन, पोलंडमध्ये शेतावर स्ट्रॉबेऱ्या तोडायला गेलेली. बाप आमच्यातला, कोरियात कारखान्यात कामाला गेला, आणि गेलं वर्षभर त्याचा फोन नव्हता. पोरीचे केस तांबूस, नाकावर वांगाचे ठिपके, डोळे मात्र अगदी आमचे. पोरं तिला 'गाजर' म्हणायची. म्हणजे इथेच काय ती कोरियन, कोरियात कोणी ओळखणार नाही. ती हसायची. पण एकदा भांडी विसळताना मला म्हणाली, "मावशी, मी तिकडे गेले तर बाबा मला ओळखतील ना?" मी म्हटलं, इरोप्सो. दुसरं काय म्हणणार?

आणि आता हीच पोरगी त्याच कामाला गेली होती. तसंच पाणी, तशीच मोगरी, चौरंगही माझाच. मी तर अजून चौरंगावर बसलेही नव्हते. बसायची वाटसुद्धा पाहिली नाही त्याने, माझ्या मनात आलं, नुसता मांडला आणि घेतली एक.

छातीत कळ यायला लागली होती. तरी मी पळत होते.

आमच्या इथला कालवा म्हणजे काही ओढा नाही. दोन्ही काठ सिमेंटचे, उतरते, शेवाळलेले. आत पडलेल्याला धरायला काही नाही. मोठा बाप्यासुद्धा वर चढून येत नाही. पलीकडे जायला पूल आहे, पण तो पार वरच्या अंगाला, रस्त्याच्या बाजूला. म्हणून पोरं कालव्यावरून गेलेल्या लोखंडी पाइपावरून जायची. मी शंभरदा बजावलं होतं. पण पोरं ऐकतील तर ती पोरं कसली?

पाइपावर कोणी नव्हतं. पलीकडे शेतात कोणी नव्हतं.

मग तिमूर म्हणाला, "मावशी, ते बघा."

खालच्या अंगाला, जिथे पाण्यातला पालापाचोळा अडवायला गजांची जाळी आहे, तिथे एक पिवळी चप्पल गोल गोल फिरत होती. ती चप्पल मला पाठ होती. सकाळीच मी त्या चपलेवरून पोरीला बोलले होते, की स्वयंपाकघरात फटक फटक वाजवत फिरू नकोस, कान किटले माझे.

तिमूरने शर्ट काढला.

मी त्याच्या पँटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"सोडा मावशी! मला पोहता येतं!"

"नाही सोडणार!"

"ती खाली असेल! सोडा ना हो!"

"एक गेली. दुसरा नाही जाऊ देणार. मारलंस तरी नाही सोडणार!"

तो रडत होता आणि मला ओढत होता. मी मातीत गुडघ्यांवर आपटले, पण पट्टा सोडला नाही. मागून बाई आल्या, त्यांनी माझ्या कमरेला मिठी घातली, आणि आम्ही तिघं तिथे काठावर एकमेकांना ओढत, ओरडत बसलो. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती पिवळी चप्पल होती. मी कधी देवाला हात जोडलेले नाहीत. आमच्या पिढीला कोणी शिकवलंच नाही. पण त्या वेळी मी बोलले. देवाशी नाही. त्रोफिमशी. जन्मात पहिल्यांदा मी त्याला हाक मारली. म्हटलं, दादा, तू आहेस ना खाली? तिला वर ढकल. मला काही नको. साठी नको, चौरंग नको. पण हिला वर ढकल रे.

"काय झालं? कोणाला शोधताय?"

आवाज मागून आला. रस्त्यावरून.

यारीना उभी होती. एका पायात पिवळी चप्पल, दुसरा पाय धुळीने माखलेला. तोंड उन्हाने लालबुंद. खांद्यावर मोगरी, तिच्या निम्म्या उंचीची, आणि तिच्या वजनाने पोरगी एका बाजूला कललेली.

तिमूर मटकन खाली बसला. मी उठले. तिच्याजवळ गेले आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. मग दुसरा. मग तिसरा घालायला हात उचलला आणि तिला कवटाळलं.

"मावशी, लागतंय! अहो मावशी, मोगरी पडेल!"

"कुठे होतीस? कुठे होतीस गं मेली?"

"पुलावरून आले. जाताना पाइपावरून गेले, तर चप्पल पडली. येताना पाइपावर पाय ठेवला आणि..." ती खाली बघायला लागली. "ही खूप जड आहे हो. पाय थरथरायला लागले. भीती वाटली मला. म्हणून लांबच्या वाटेने आले. तुम्ही हसाल, माहितीये."

"भीती वाटली तुला?"

"हो."

"खरंच घाबरलीस?"

"हो म्हणते ना!"

मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "शहाणी गं माझी ती," मी म्हटलं. "घाबरलीस हे फार बरं केलंस." आणि मग मला रडू आवरेना. साठ वर्षांची बाई, भर रस्त्यात, अॅप्रनमध्ये तोंड खुपसून रडत होते. माझ्या भीतीने आजवर मला कधी काही दिलं नव्हतं; हिच्या भीतीने हिला परत आणलं होतं.

"इरोप्सो, मावशी," यारीना घाबरून म्हणत होती. "इरोप्सो. मी आहे ना."

बाईही रडत होत्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "इरोप्सो, ताई, इरोप्सो." सोलच्या माणसाच्या तोंडून तो शब्द मी आमच्या अर्थाने पहिल्यांदा ऐकला.

परतताना मोगरी तिमूरने घेतली. वाटेत त्याने यारीनाला सगळं सांगितलं, त्रोफिमचंही. मला वाटलं, पोरगी आता भेदरेल. ती बराच वेळ एका चपलेवर फटक फटक करत चालत राहिली. आज मी काही बोलले नाही.

"म्हणजे तुमचा पहिला झाला नाही, म्हणून तिसरा चालत नाही," ती शेवटी म्हणाली. "एवढंच ना?"

"एवढंच."

"मग आधी पहिला मांडू."

"काय?"

"राहिलाय ना तो? मग तो करू. साठीचा राहू दे."

"डोकं फिरलंय का तुझं? वर्षाच्या बाळाचा असतो तो!"

"असू दे. तुमचे पुढचे दोन दात पडलेतच," तिमूर म्हणाला. "दिसाल शोभून."

"तिमूर, मार खाशील."

"पण नियमात कुठे आहे, की वर्षाच्याच बाळाचा?" यारीना हट्टाला पेटली. "उशीर झाला तर चालत नाही, असं कोणी सांगितलंय तुम्हाला? तुमच्या आईने?"

मी आठवून पाहिलं. आईने तसं कधीच सांगितलं नव्हतं. तिने फक्त एवढंच सांगितलं होतं, की झाला नाही.

"माझा झाला होता," यारीना म्हणाली. "बाबांनी मांडला होता. मी चौरंगावरचा दोरा उचलला म्हणे. आता खरं-खोटं विचारणार कोणाला? पण झाला होता एवढं माहितीये. तर मी तुमचा मांडू शकते. चौरंग झालेल्याने मांडावा, असं काहीतरी असेलच ना?"

असं काही नव्हतं. पण मी ते बोलले नाही.

फाटकातून आत शिरतो तोच जेवणाची घंटा झाली. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

"झालं," मी म्हटलं. "बारा वाजून गेले. चौरंग बाराच्या आत मांडावा लागतो. हा मात्र नियम आहे, प्यागाय म्हातारीला विचारा हवं तर. संपला विषय. चला, हात धुवा."

पोरांची तोंडं उतरली. चौरंग अजून तसाच होता, कोणी हात लावला नव्हता. बाई हळूच म्हणाल्या, "सोलमध्ये तर आता संध्याकाळ झाली."

यारीना एकदम थांबली. तिने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"मम्मा? तुझ्याकडे किती वाजले?"

"अकरा वाजून गेलेत. का गं? काय झालं?" मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "बरी आहेस ना? जेवलीस का? डोक्याला रुमाल बांधतेस ना उन्हात?"

"सगळं ठीक आहे, मम्मा. तू आहेस तिथे अजून बारा वाजले नाहीत, हेच विचारायचं होतं."

"वेडी झालीस का? हे विचारायला फोन केलास?"

"पोलंडात अजून अकराच!" तिमूर ओरडला. "मावशी, पळवाट बंद!"

चाळीसेक पोरं एकदम आरडाओरडा करायला लागली. आता मी काय बोलणार? पोरांनी सकाळीच तांदूळ वाफवून झाकून ठेवला होता. काठवट कुठून तरी पैदा केलीच होती. अंगणात काठवट ठेवली आणि कुटायला सुरुवात झाली. तिमूरने पहिलाच घाव काठवटीच्या कडेवर घातला.

"अरे गाढवा, भातावर मार! काठवटीने काय बिघडवलंय तुझं?" मी खिडकीतून ओरडत होते. "मोगरी ओली करून घे! एवढी नाही, सूप करायचंय का? आता यारीनाला दे. सगळ्यांनी कुटा. बाई, तुम्हीसुद्धा या!"

कोंबडा मीच उचलून आत ठेवला. तो लग्नाचा. पहिल्या चौरंगावर लागतो भात, चारतोगी, दोरा, कात्री, पुस्तक, पेन्सिल. बाळाने त्यातल्या तीन वस्तू उचलायच्या आणि घरच्यांनी त्यावरून त्याचं पुढचं आयुष्य ठरवायचं. दोरा माझ्याच शिवणाच्या डब्यातला होता. पुस्तक म्हणून तिमूरने बीजगणित आणून ठेवलं.

"ते उचललंत तर मात्र आमची सहानुभूती आहे," तो म्हणाला.

मी अॅप्रन सोडला. केसांवरून पाणी फिरवलं. दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याशी पाय अडले. माझ्या मुलीच्या चौरंगाला अडले होते तसेच. भीती गेली नव्हती हो, जराही नाही. कालव्यावरची चप्पल अजून डोळ्यांपुढे फिरत होती.

"एक अट आहे," मी म्हटलं. "सगळ्यांनी आत बसायचं, माझ्यासमोर. दार लावून घ्या. मी उठेपर्यंत एकानेही बाहेर पाऊल टाकायचं नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही."

पोरं मुकाट्याने दाटीवाटीने जमिनीवर बसली. बाईंनी दार लावलं आणि त्या स्वतः दाराला पाठ लावून बसल्या. मी सगळ्यांवरून नजर फिरवली, मागच्या रांगेतल्यांवरूनही. सगळी होती.

मग मी यारीनाचा हात धरून उंबरा ओलांडला आणि चौरंगापुढे बसले. गुडघे दुखत होते, मांडी नीट घालता येईना. यारीनाने माझ्या गळ्यात रुमाल बांधला, बाळाला बांधतात तसा. कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"उचला मावशी," ती म्हणाली. "न बघता. मनाला येईल ते."

माझा हात आधी दोऱ्यावर गेला.

"लांब आयुष्य!" पोरं ओरडली.

"आता आणखी साठ वर्षं बोलणी खायची," तिमूर म्हणाला.

मग मी भाताची वाटी उचलली. "कधी उपाशी राहणार नाही!" पोरांनी टाळ्या पिटल्या. बाईंनी डोळे पुसले आणि फोटो काढला.

"तिसरं," यारीना म्हणाली.

कात्री होती, पेन्सिल होती, बीजगणित होतं. माझा हात त्यांच्यावरून पुढे गेला. चौरंगाच्या पलीकडे, यारीनाच्या गुडघ्याला टेकवून ठेवलेली मोगरी होती.

"मावशी, ती चौरंगावरची नाही!" तिमूर म्हणाला.

"गप रे," यारीना म्हणाली.

तिने मोगरी दोन्ही हातांनी उचलून मला दिली. मी ती मांडीवर आडवी घेतली. जड होती. मोगरी उचलली तर काय अर्थ धरायचा, हे कोणालाच माहीत नव्हतं, बाईंनाही नाही. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मी तिच्या लाकडावरून हात फिरवला. अजून भात चिकटलेला होता तिला, कोमट.